घराला स्वभाव हवा म्हणे!

नाही, तुम्हीच सांगा! स्वभाव माणसाला असतो, मान्य. म्हशीला असतो. पंपाच्या स्टोव्हला तर इतका असतो की विचारू नका... पण घराला? चार भिंती, वर छप्पर, खाली लादी, बटण दाबलं की दिवा लागावा, नळ सोडला की पाणी यावं, संपलं! एवढंच तर म्हणणं होतं माझं. पण दोन हजार तीनच्या जानेवारीत एका सकाळी आमच्या हिनं, म्हणजे नीतानं, चहाचा कप हातात ठेवला आणि म्हणाली, "अहो, आता आपलं घर घ्यायचं. पण कसलंही नाही हं. घराला स्वभाव हवा." मी पेपर वाचत होतो, मी नुसतं 'हं' म्हटलं. तुम्हाला सांगतो, माणसानं 'हं' म्हणताना फार जपावं!

मी प्राथमिक शिक्षक, इथंच जव्हारला. ही सरकारी नर्स. लग्नाला सोळा वर्षं झाली, आणि सोळाही वर्षं हिच्या क्वार्टरमध्ये. आज दाभोसा, उद्या सूर्यमाळ, परवा आणखी कुठला पाडा... माझी शाळा एका टोकाला, क्वार्टर दुसऱ्या टोकाला, आणि मधे मी, जीपच्या मागच्या दांडीला लोंबकळणारा! त्यामुळे घर हवं होतं मलाही, नाही असं नाही. शाळेतले सगळे म्हणायचे, "मधु मास्तर, जव्हारात काय घर घेताय? नाशिकला फ्लॅट घ्या, बोईसरला घ्या!" हे मी नीताला सांगितलं, तर म्हणाली, "घर नाशिकला आणि आपण इथं? मग घर काय आपल्याला पत्र लिहिणार?" आता यावर काय बोलायचं?

मग सुरू झाले आमचे रविवार. लोक रविवारी मटण आणतात, डोक्याला तेल लावून पडतात. आम्ही घरं बघत होतो! गौतम नावाचा एक एजंट भेटला, काळा चष्मा, खिशाला तीन पेनं. तो आम्हाला गावाबाहेरच्या नव्या कॉलनीत घेऊन गेला. लांबूनच हात करून म्हणतो, "सर, चौदा बंगले! एकासारखा एक! डावं-उजवं करायला जागाच नाही!" आणि खरंच नव्हती हो. तोच गुलाबी रंग, तेच फाटक, तीच तुळस, तुळससुद्धा एका उंचीची! मी तर खूश. गौतमनं किल्ली लावली, किल्ली फिरेना, दार ढकललं, दार उघडलं, तर आत एक अख्खं कुटुंब जेवायला बसलेलं! मी जागच्या जागी नमस्कार केला. पण ती बाई अजिबात दचकली नाही. भाताचं पातेलं हातात तसंच धरून म्हणते, "तुमचं पुढचं असेल. आमचे हेही परवा पुढच्यात जाऊन बसले होते. घासभर जेवून जा."

बाहेर आल्यावर नीता म्हणाली, "बघितलंत? तिला सवय झालीय." मी म्हटलं, अगं, दारावर पाटी लावू, मोठी, ठळक अक्षरात, मी स्वतः रंगवतो! तर म्हणे, "पाटी काढली की काय उरतं? घराला स्वभाव हवा."

पुढचा रविवार मोखाड्याला. तिथं बाजारापासून थोडं वर, चढावर, हिराबाई म्हणून एका म्हाताऱ्या बाईंचं घर विकायचं होतं. ओसरी अशी लांबलचक, समोर सगळे डोंगर मोकळे, वारा असा की माझी टोपी उडून बकऱ्यांत गेली. नीता ओसरीवर बसली ती उठेना. चेहरा बघूनच मी ओळखलं, आता गेलो आपण! मी हळूच विचारलं, "आजी, पाण्याचं कसं?"

"पानी? हाये की. पावसात लय."

"आणि मार्चनंतर?"

"मार्चनंतर आमी लेकीकडं जातो."

ऐका! आणि यावर आमची ही काय म्हणते? "निदान खरं बोलतं हो घर!" मी म्हटलं, बाई गं, खरं बोलतं ठीक आहे, पण मे महिन्यात मी आंघोळ खऱ्या बोलण्यानं करू काय? आपल्याला तर जायला लेकही नाही! तेव्हा कुठं उठली. उठली, पण जीपमध्ये तासभर तोंड खिडकीबाहेर. आणि घाट उतरताना, वाऱ्यात, मला ऐकू येईल इतक्याच आवाजात... स्वभाव होता त्याला.

अकरा रविवार! अकरा! मला तर वेडच लागायची पाळी आली. कुणाकडं पूजेला गेलो तरी मी प्रसाद घ्यायच्या आधी छताकडं बघायचो. मुख्याध्यापकांचं भाषण चालू असताना मी शाळेच्या भिंतीची ओल मोजत बसायचो. पायाला नुसती भिंगरी. आणि बाराव्या रविवारी मी चिडलो. म्हटलं, नीता, आता बस! हे जे कोणतं असेल ते शेवटचं!

ते शेवटचं म्हणजे अनीसभाईंचं घर. अनीसभाई आमच्या जव्हारातले जुने सुतार, अर्ध्या गावाची दारं-खिडक्या त्यांच्या हातची. मुलगा नवेद मुंब्र्याला स्थायिक झालेला, त्यानं आईबापांना बोलावलं, म्हणून घर विकायचं. मी दार ढकललं, उघडेना. पुन्हा ढकललं. आतून आवाज, "खांदा लावा, खांदा! आणि जरा वर उचला! त्याला तसं लागतं!" मी खांदा लावला, दार असं एकदम उघडलं की मी थेट ओसरीच्या मध्यावर, आणि समोर फणसाचं झाड! ओसरीत! छपराला भोक पाडून वर गेलेलं! अनीसभाई शांतपणे म्हणाले, "तो आमच्या आधीपासून होता. त्याला कसं सांगायचं, जा म्हणून?"

मी म्हटलं, आणि पाऊस? "पाऊस येतो की. त्याच्यापुरता."

मग जिना. मी चढायला लागलो, एक-दोन-तीन-चार-पाच-सहा... आणि सातव्या पायरीला नडगी अशी आपटली की डोळ्यांपुढं काजवे! ती एकच पायरी चार बोटं उंच! एवढा मोठा सुतार आणि पायरी चुकतो? तर अनीसभाई लाजले. खरंच लाजले हो, साठीचा माणूस! "मास्तर, ती बसवत होतो, तेव्हा सांगावा आला, नवेद झाला म्हणून. मी माप विसरलो. पुढं दुरुस्त करीन म्हटलं, पण हिनं करू दिली नाही." मी नडगी चोळत नीताकडं बघितलं. तिचे डोळे भरून आले होते! माझी नडगी फुटली आणि हिला पायरीचं रडू येतंय! घराला स्वभाव हवा म्हणे! घ्या!

पण थांबा, आमच्या हो म्हणण्यानं काय होतंय? घर विकायचं की नाही ते ठरवणार होत्या रुकसानाभाभी, अनीसभाईंच्या पत्नी. त्या ओसरीवरच्या खिडकीत बसलेल्या. खिडकी म्हणजे अशी रुंद की दोघींनी पाय सोडून बसावं, खाली सगळी दरी. भाभींनी त्याआधी सात गिऱ्हाइकं परत पाठवली होती, हे मला नंतर कळलं. पहिला प्रश्न मला. "मास्तर, ह्या झाडाचं काय करणार?"

मी आपला शिक्षक माणूस, खरं बोलायची खोड, म्हटलं, "तोडून स्लॅब टाकू की!"

भाभी उठल्या. "चाय पिऊन जावा," म्हणाल्या. म्हणजे निघा!

मी चपलेत एक पाय घातलासुद्धा. पण नीता हलेना. भाभींनी तिच्याकडं बघितलं, म्हणाल्या, "बाय, तुला तर सरकार घर देतं. तुला हे कशाला पाहिजे?"

आणि नीता बोलायला लागली. तुम्हाला सांगतो, मी तिला इतकं सलग बोलताना कधी ऐकलंच नव्हतं. म्हणाली, "भाभी, सोळा वर्षांत सहा क्वार्टर झाली. सगळी सारखी. दारावर पिवळ्या रंगात नंबर. वावरला ती पोरं कुपोषणानं गेली ना, त्या वर्षी मला तिकडच्या पाड्यांवर पाठवलं होतं. दिवसभर पोरांची वजनं करायची. काल वजन केलेलं पोर आज नसायचं. परत क्वार्टरवर यायची, दार लावायची, आणि मला रडायला कोपरा सापडायचा नाही. चारही कोपरे सारखेच. कुठं बसू? एकदा कॅलेंडर लावायला भिंतीत खिळा ठोकला. बदली झाली तेव्हा साहेबांनी यादीत लिहिलं, भिंतीला एक भोक. एवढीच मी राहिले होते तिथं, भाभी. एक भोक."

सोळा वर्षं लग्नाला झाली होती, आणि हे मी परक्या माणसांच्या ओसरीवर, एका पायात चप्पल घालून ऐकत होतो. त्या दिवसांत तिकडं रोज जीप नव्हती, मी फक्त शनिवारी यायचो, विचारायचो, कशी आहेस? ती म्हणायची, बरी आहे. आणि मी जेवायला बसायचो...

भाभी परत खिडकीत बसल्या. सरकल्या. खिडकीत जागा केली. नीता जाऊन बसली. मग दोघी खाली दरीकडं बघायला लागल्या, आणि अनीसभाई मला म्हणाले, "मास्तर, ती चप्पल काढा. घर गेलं आमचं."

झालं! सह्या झाल्या, सामान आलं. रुकसानाभाभी जाताना प्रत्येक दाराला हात लावून गेल्या, आणि मला बजावून गेल्या, "झाडाला हात लावाल तर बघा!" मी म्हटलं नाही लावणार. आणि खरंच, हळूहळू मीही रुळलो. पावसाळ्यात फणसाखाली बादली ठेवायला शिकलो. आलेल्या पाहुण्याला मीच ओरडून सांगायला लागलो, "खांदा लावा, खांदा!" नीता कामावरून आली की आधी खिडकीत जाऊन बसते, कधी कधी बोलते, वावरचं, सूर्यमाळचं, आणि मी ऐकतो. ऐकायला उशीर केला, पण ऐकतो.

आता तुम्ही म्हणाल, मग रडतोय कशाला हा मास्तर? सांगतो!

चाळीस दिवस. चाळिसाव्या दिवशी अनीसभाई आणि भाभी परत! मुंब्र्याला नवेदचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर. भाभी म्हणतात, "खिडकी उघडली की समोर दुसऱ्याची खिडकी, आणि ती पण बंद!" अनीसभाई म्हणतात, "दार तर नुसतं बोट लावलं की उघडतं. असल्या दारात करमतं का माणसाला?" मग त्यांनी काय करावं? आमच्या समोर, बरोब्बर समोर, भाड्यानं खोली घेतली!

आता रोज सकाळी सातला दाराला खांदा बसतो. मी टॉवेल गुंडाळून उभा असतो, आणि भाभी आत! मला विचारत नाहीत, कसे आहात. विचारतात, "घर काय म्हणतं?" अनीसभाई येऊन बिजागऱ्यांना तेल घालतात. भाभी आणि नीता खिडकीत बसून भाजी निवडतात, आणि माझी खुर्ची जरा जरी सरकली असली की हाक, "मास्तर, ही इथं नव्हती!" माझ्याच घरात मी विचारून पंखा लावतो हो!

आणि परवा तर कहर झाला. भाभी वालाच्या शेंगा सोलता सोलता अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "मास्तर, तुमची बदली कधी होते हो?"

मला वाटलं, थट्टा करतायत. डोळ्यांकडं बघितलं. थट्टा नव्हती! मी मोठ्या आशेनं नीताकडं बघितलं, म्हटलं ही तरी काही बोलेल. तर हिनं शेंगेतला दाणा काढला, ताटात टाकला, आणि मान वरही न करता म्हणाली, "यांची पुढच्या मेमध्ये, भाभी. पण मी इथंच आहे."

दोघी हसल्या. मग मी काय करणार? टॉवेल ठेवला, कपडे घातले, पिशवी घेतली आणि शाळेत निघून गेलो.

रविवार होता.