मागच्या बाकावरचा हात

काका : सही कर आणि मोकळा हो. दोन ओळींचा माफीनामा आहे, त्यात तुझी मान कापली जात नाही.

पुतण्या : दोनच ओळी आहेत, पण काय आहेत ते बघा ना. 'माझ्या लेखातला मजकूर खोटा होता', ही पहिली. 'यापुढे विद्यापीठाच्या कारभाराविषयी मी काहीही लिहिणार नाही', ही दुसरी. मग मी शिकलो कशाला?

काकू : अहो, आधी बाहेरची ती करवत बंद करायला सांगा. असं ओरडून भांडलात तर वखारीतला एकेक माणूस कामधंदा सोडून ऐकत बसेल.

काका : करवत बंद केली तर जास्तच ऐकू जाईल. राहू दे चालू. हे बघ पंडित, आज दुपारी विद्यापीठाची सिनेट भरणार. तुझी पदवी काढून घ्यायचा ठराव आज दुसऱ्यांदा मांडतील, आणि आज मंजूर झाला की संपलं. सरकारी चिटणीस साहेबांनी मला मुद्दाम बाजूला घेतलं. म्हणाले, 'तुमचा पुतण्या म्हणून संधी देतो. माफी आणा, ठराव मागे घेतो.' साहेब असं कोणाला म्हणत नाहीत.

पुतण्या : मी सही करणार नाही.

काका : मग तू चालवतोस त्या शाळेचं काय? मुख्याध्यापक पदवीधर असल्याशिवाय विद्यापीठ तुमच्या शाळेला मान्यता देत नाही. तूच बोंबलत होतास ना घरभर? पदवी गेली की शाळा गेली. त्या पोरांना परीक्षेला बसवणार कोण?

पुतण्या : ते मला ठाऊक आहे. रात्रंदिवस मी दुसरा विचारच करत नाहीये.

काकू : तुझ्या बरोबरीचे ते तिघं कुठे गेले रे? पहिल्या तुकडीत तुम्ही चौघं पास झालात, तेव्हा इथंच पदवीचे झगे घालून मिरवत होतात. सगळ्या लाकडांवर बसून पाहिलंत, झग्यांना भुसा लागला म्हणून मीच झटकून दिला.

पुतण्या : एक न्यायाधीश झालाय, तो म्हणतो माझे हात बांधलेले आहेत. दुसरा परगावी. तिसरा सिनेटचाच सरकारी दुभाष्या आहे, तो रस्त्यात दिसला की पलीकडच्या बाजूनं जातो.

काकू : शहाणा आहे. तू तेवढा एकटाच वेडा निघालास.

पुतण्या : मी काय मागितलं होतं, काकू? पदवीधरांना सिनेटवर आपली चार माणसं निवडून पाठवू द्या. सगळे सभासद सरकारनं नेमलेले. कोणी पूल बांधायला पैसे दिले म्हणून, कोणी साहेबाच्या घोड्याला औषध दिलं म्हणून.

काका : आणि मी सभागृहाच्या छताला लाकूड दिलं म्हणून. बोल की. अडतोस कशाला?

पुतण्या : मी तुमचं नाव कुठे घातलं?

काका : नाव कशाला घालायला पाहिजे? 'मागच्या बाकावरचे सभासद ठराव समजून न घेता हात वर करतात. पुढचा हात उठला की मागचे उठतात.' हे तुला कोणी सांगितलं? मी सांगितलं! इथं जेवताना, हसत हसत. घरातली गंमत होती ती. तू ती छापलीस.

काकू : घे आता. बोल ना.

पुतण्या : चुकलंच ते. तुम्हाला विचारायला हवं होतं. पण मजकूर खोटा नाही, काका.

काका : खोटा आहे असं मी कुठे म्हटलं? खरा आहे म्हणून तर झोंबला. दुसऱ्या दिवशी सभेला गेलो तर पुढच्या रांगेतले सगळे वळून वळून माझ्याकडे बघत होते. लेखकाचा काका म्हणून नव्हे. नंदीबैल कसा दिसतो ते बघत होते.

पुतण्या : एक विचारू? मागच्या सभेत हा ठराव पहिल्यांदा आला, तेव्हा विरोधात कोणीच नव्हतं असं वर्तमानपत्रात आलंय. एकमतानं मंजूर.

काका : हं.

पुतण्या : एकमतानं म्हणजे?

काका : म्हणजे एकमतानं.

पुतण्या : तुम्ही त्या दिवशी गेला होतात, काका.

काका : अगं, पाणी आण जरा.

काकू : तांब्या तुमच्या पुढ्यात आहे.

पुतण्या : तुम्ही हात वर केलात?

काका : चिटणीसानं केला. मग सगळ्यांनी केला. सराफानं केला, गोदीच्या मालकानं केला, मीही केला. साहेबाच्या भाषेत ते भराभर वाचत होते, त्यात तुझं नावही ओळखू आलं नाही. मला वाटलं, नेहमीसारखं परीक्षेच्या तारखांचं वगैरे असेल. घरी येऊन तुझ्याकडून कळलं की ठराव तुझ्यावर होता.

पुतण्या : आणि इतके दिवस तुम्ही सांगितलं नाहीत.

काका : काय सांगणार? जेवायला बसलास की तुझं तोंड बघवत नव्हतं.

काकू : कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. लाकडाच्या व्यापाऱ्याच्या घरात हे व्हायचंच होतं.

काका : तूही बोल. आज सगळ्यांनी बोलून घ्या. दादा गेला तेव्हा हा एवढासा होता. मी याला खांद्यावरून वखारीत आणायचो. याला शिकवायचा म्हणून मी दुसरं काही बघितलं नाही, आणि याच हातानं... जाऊ दे. म्हणून म्हणतो, सही कर. माझी चूक मला निस्तरू दे.

पुतण्या : माझी सही घेऊन तुमची चूक कशी निस्तरेल?

काकू : हे मात्र खरं बोलला. चूक तुमची आणि माफी यानं मागायची, हा कुठला न्याय?

काका : मग काय करू? आज हात वर करणार नाही. झालं? दगड होऊन बसून राहीन.

पुतण्या : नको.

काका : नको?

पुतण्या : मी पुतण्या आहे म्हणून तुम्ही हात खाली ठेवणार. मागच्या वेळी चिटणीसाकडे बघून वर केलात, आज माझ्याकडे बघून खाली. माझा लेख दोन्ही वेळेला खराच ठरतो.

काका : ऐकलंस? बुडतोय, आणि दोरी कसली आहे ते विचारतोय! अरे, मग मी करू तरी काय?

पुतण्या : उभे राहा आणि म्हणा, 'मला ठराव कळलेला नाही. तो माझ्या भाषेत वाचून दाखवा.' नियमात आहे ते. कोणताही सभासद ही मागणी करू शकतो. आजवर एकानंही केलेली नाही.

काका : का नाही केली ते कळतंय का तुला? त्याचा अर्थ काय होतो? की हा इतकी वर्षं तिथं बसलाय आणि याला ओ की ठो कळत नव्हतं. तू पेपरात लिहिलंस तेच मी उभं राहून आपल्या तोंडानं सांगायचं. सगळ्या शहरासमोर.

पुतण्या : हो.

काका : हो म्हणतोय! कसा गारगोटीसारखा हो म्हणतोय बघ.

पुतण्या : मला वाचवायला जाऊ नका, काका. वाचून झाल्यावर तुम्हाला पटलं की मी पदवीला लायक नाही, तर खुशाल माझ्याविरुद्ध हात वर करा. पण कळून करा.

काका : आणि रेल्वेच्या रुळांखालच्या लाकडी स्लीपरचं कंत्राट? ते चिटणीसाच्याच सहीनं मिळतं. तो काय माझी पाठ थोपटणार आहे?

काकू : कंत्राट नव्हतं तेव्हाही वखार चालतच होती.

काका : अगं, पण...

काकू : काय पण? तेव्हा तुम्ही स्वतः ओंडके मोजायला उभे राहायचात आणि घरी येऊन चार शब्द बोलायचात. सिनेटवर गेल्यापासून सभेच्या दिवशी घरी येता आणि तोंड पाडून बसता. मला काय दिसत नाही? यानं लिहिलं म्हणून तुम्हाला राग नाही आला. तिथं तुम्हाला काही कळत नाही हे याला कळलंय, त्याचा राग आलाय.

काका : माझी पगडी कुठे ठेवलीस?

काकू : जायचं तर उभं राहायला जा. बसायलाच जायचं असेल तर इथं पुष्कळ लाकडं आहेत.

काका : तू भारी बोलतेस हं.

काकू : इतकी वर्षं संधी कुठे मिळाली?

काका : बरं. हे उभं राहून मागायचं ते कुठल्या भाषेत?

पुतण्या : सभेत पहिलं वाक्य साहेबाच्याच भाषेत बोलावं लागतं. मी शिकवतो. एकच वाक्य आहे.

काका : जीभ वळायची नाही माझी.

पुतण्या : वळेल. माझ्यामागून म्हणा. हळूहळू. हां. आता पुढचा शब्द. नाही, तो गिळू नका.

काकू : गिळला. पुन्हा गिळला. थांबा, मी म्हणते... घ्या, माझं बरोबर आलं.

पुतण्या : काकूचं खरंच बरोबर आलं.

काका : मग हिलाच पाठव सिनेटवर!

काकू : पाठवा. मी एवढे दिवस गप्प बसले नसते.

काका : पुन्हा सांग रे. पहिल्यापासून. आणि तो माफीनामा घे तिकडे, चुलीत टाक.

(संध्याकाळ. वखारीतली तीच खोली. करवत थांबली आहे. काकू आणि पुतण्या दाराकडे तोंड करून बसले आहेत. काका आत येतात.)

काकू : काय झालं?

काका : बसू तर दे.

पुतण्या : मंजूर झाला?

काका : क्रमानं सांगतो, नाहीतर मीच काहीतरी विसरेन. चिटणीसानं ठराव वाचला. वाचून झाल्याबरोबर मी उभा राहिलो. चिटणीस मागं वळला आणि असा बघायला लागला, जसं काही खुर्चीच बोलणार आहे. मी वाक्य म्हटलं.

पुतण्या : नीट म्हटलंत?

काका : मधला शब्द गिळला बहुतेक. अध्यक्षांनी मला काहीतरी विचारलं. ते मला काय कळणार? मला तर एकच वाक्य येत होतं. मी पुन्हा तेच म्हटलं.

काकू : अगं बाई.

काका : रजिस्ट्रार माझ्याजवळ आला, खांद्यावर हात ठेवून म्हणाला, बसा, बसा. मी पुन्हा तेच म्हटलं. पुढच्या रांगेत हसायला लागले. वाटलं, आता जमीन दुभंगावी. पण म्हटलं, आता बसलो तर जन्मभर बसलेलाच राहीन. तेवढ्यात शेजारी खुर्ची वाजली. बघतो तर सराफ उभा.

पुतण्या : ते काय बोलले?

काका : काही नाही. त्याला वाक्य कुठे येत होतं? तो नुसताच उभा राहिला. मग गोदीवाला उभा राहिला. मग पलीकडचे ते म्हातारे हकीम, त्यांना तर उठायला काठी लागते. सगळा मागचा बाक उभा. अध्यक्षांनी चष्मा काढला आणि दुभाष्याला बोलावलं.

पुतण्या : म्हणजे... तोच? माझ्या तुकडीतला?

काका : तोच. रस्ता ओलांडणारा. त्यानं ठराव आपल्या भाषेत वाचला. तुझं नाव आलं तिथं पोराचा आवाज कापायला लागला. पण पळाला नाही. मधले शब्द खाल्ले नाहीत. 'विद्यापीठाच्या कारभारावर टीका केल्याबद्दल पदवी रद्द', असं सरळ वाचलं. ऐकल्यावर सराफ माझ्या कानात म्हणाला, 'एवढंच? याच्यासाठी?' मग मतं घेतली. पुढच्या रांगेचे हात वर. मागच्या बाकाचा एकही नाही, आणि आम्ही संख्येनं जास्त. ठराव पडला.

काकू : पडला!

पुतण्या : काका...

काका : थांब, रडू नकोस एवढ्यात. बाहेर पडताना चिटणीसानं गाठलं. आपल्या भाषेत बोलला, मला कळावं म्हणून. म्हणाला, 'पुढच्या वर्षीच्या सभासदांच्या यादीत तुमचं नाव दिसायचं नाही. स्लीपरसाठीही आम्ही दुसरीकडे बघू.' मी म्हटलं, बघा. उद्या सकाळपासून मी पुन्हा ओंडके मोजायला उभा राहणार. सवय गेलीय, पाय दुखतील.

काकू : शेकून देईन.

पुतण्या : खरं सांगाल? ठराव ऐकून पटला नाही म्हणून हात वर केला नाहीत, की मी पुतण्या म्हणून?

काका : पुतण्या म्हणूनच. आता पटलाही नाही, हे तुझं नशीब.

पुतण्या : लेख मला पुन्हा लिहावा लागणार. मागच्या बाकाचं सगळं खोटं पाडलंत तुम्ही.

काका : लिही. पण या वेळी छापायच्या आधी मला वाचून दाखव.

पुतण्या : दाखवीन. मतं मोजताना भीती नाही वाटली तुम्हाला?

काका : वाटली की. चिटणीसाचा हात वर गेला, तेव्हा माझा उजवा हात मी डाव्या हातानं गच्च धरून ठेवला होता. सवयीचा आहे रे, न जाणो, गेला असता वर.