हिरवं पान

वहिनी : चहा नंतर, भावोजी. आधी हे पान बघा.

दीर : कुंडीतलं ना? छान हिरवं आहे की!

वहिनी : तेच विचारतेय. समोर काँक्रीट कालवायचा कारखाना आल्यापासून या गॅलरीत हिरवं पान दिसलेलं नाही. सकाळी पुसावं, दुपारी पुन्हा सिमेंटचा थर. आणि कोर्टाने हवा मोजायला कोपऱ्यावर यंत्र बसवलं, तशी पानं हिरवी झाली?

दीर : हवा सुधारली असेल. आकडेही चांगले आलेत म्हणे.

वहिनी : आकडे? अहवाल तर उद्या कोर्टात उघडायचाय. तुम्हाला कोण बोललं?

दीर : कामावर... बोलत होते कुणीतरी.

वहिनी : नगरपालिकेच्या टँकरवर? रस्त्यावर पाणी मारणाऱ्यांना हवेची एवढी काळजी कधीपासून?

दीर : वहिनी, तुम्ही तर तुमच्या वकीलबाईंच्याही वरताण निघालात!

वहिनी : हसण्यावारी नेऊ नका. आकडे चांगले निघाले की आमची याचिका फेटाळली जाणार, आणि कारखाना माझ्या चिमीच्या खिडकीसमोर कायमचा. तिला धाप लागली होती, तेव्हा दवाखान्यापर्यंत रिक्षात तुमच्याच मांडीवर होती ती.

दीर : विसरलेलो नाही मी.

वहिनी : मग सांगा, रोज पहाटे खाली टँकर उभा असायचा. आज यंत्र काढून नेलं, आणि आज टँकरही नाही. हा योगायोग?

दीर : ...साहेबांचा तोंडी हुकूम होता. यंत्राभोवती धूळ उडता कामा नये. लेखी मागितलं, तर म्हणाले, कागद हवाय की नोकरी?

वहिनी : वाटलंच मला, कुठेतरी पाणी मुरतंय. आणि माझ्या कुंड्या? त्याही हुकमातच होत्या?

दीर : नाही. ते माझ्या मनाचं. इथवर आलोच आहे, तर पाईप जरा वर धरायचो. गॅलरी, खिडकीची जाळी... म्हटलं, पोरीला तेवढाच मोकळा श्वास. त्या दिवसांत झोपली ना शांत?

वहिनी : झोपली. म्हणून तर तुमचे दादा म्हणाले, आपलाच भ्रम होता, याचिका मागे घेऊ. मीही मान डोलावली, भावोजी! वकीलबाईंना फोन लावणार, तेवढ्यात शेजारच्या गॅलरीकडे नजर गेली. त्यांची पानं होती तशीच, राखाडी.

दीर : त्यांच्याकडे पाईप वळवायचं डोक्यातच आलं नाही.

वहिनी : ते एक बरं झालं.

(आतल्या खोलीतून चिमीच्या खोकल्याची उबळ ऐकू येते.)

दीर : सकाळपासून चालू आहे?

वहिनी : दुपारपासून.

दीर : वहिनी, मी तोंड उघडलं, तर टँकरची किल्ली त्याच दिवशी काढून घेतील. घरात दोन पोरं आहेत माझ्या.

वहिनी : ठाऊक आहे. मी तुम्हाला ‘साक्षीला या’ म्हणत नाही. शेजारचं पान आणि हे, दोन्ही घेऊन वकीलबाईंकडे जाते. पण न्यायाधीशांनी विचारलं, एकाच भिंतीवरच्या दोन गॅलऱ्या, मग तुमचंच पान कुणी धुतलं? तर काय सांगू? पाऊस पडला म्हणू?

दीर : नको. सांगा, पोरीच्या काकाने.

वहिनी : बसा. चहा ठेवते.