जावयाने विणलेली बाही

...आणि वर बायको म्हणते, "अरे, निदान तोंड तरी पाडू नकोस!" आता तुम्हीच सांगा, ज्याला तोंड दाखवायला जागा उरली नाही त्याने ते पाडायचं तरी कुठे? तुम्हाला सांगतो, आजवर लाज लाज म्हणतात ती मी फक्त ऐकून होतो, ती प्रत्यक्षात केवढी लांब असते ते मला सासऱ्यांच्या कारखान्यात समजलं. कारखाना म्हणजे काय, घरामागची लांबट खोली, त्यात स्वेटर विणायचं मशीन, जुनं पण खणखणीत, आणि ते चालवणाऱ्या एक विणकरीणबाई. बस्स! एवढ्या बळावर सासऱ्यांनी एका शाळेला आजवर कधी, म्हणजे कधीच, स्वेटर उशिरा दिले नाहीत.

मला कोणी बोलावलं होतं का? नाही! मीच म्हणालो, "बाबा, नवं सॉफ्टवेअर करून देतो, नक्षी संगणकावर काढा, मशीन आपोआप विणेल." ते म्हणाले, "जावईबापू, मशीन जुनं आहे हो, जरा जपून." आणि मी... आठवलं की कान गरम होतात... मी छाती पुढे काढून म्हणालो, "आमचं सॉफ्टवेअर कुठल्याही मशीनवर चालतं. ते काही गृहीत धरत नाही, विचारून घेतं!"

विचारून घेतं! विचारायचं कोणाला, विचारलं कोणाला!

त्याचं असं आहे, आपण एकवीस म्हणताना एक आधी म्हणतो, पण लिहिताना दोन आधी लिहितो, हो की नाही? यंत्राच्या मेंदूचं, म्हणजे प्रोसेसरचंही तसंच. मोठा आकडा ते तुकडे करून ठेवतात, त्याला म्हणायचं बाइट. काही प्रोसेसर लहान तुकडा आधी ठेवतात, काही मोठा. म्हणून सॉफ्टवेअर तयार करतानाच एक चिमुकला प्रोग्राम चालवून विचारायचं, बाबा रे, तू कुठल्या पंथाचा? मी विचारलं ना! पण तयार करत होतो माझ्या लॅपटॉपवर, तेव्हा तो प्रोग्रामही चालला तिथेच. लॅपटॉप म्हणाला, "लहान आधी." मी म्हटलं, "शाब्बास!" आणि तेच उत्तर पक्कं करून बसवलं सासऱ्यांच्या मशीनवर, जे जन्मापासून मोठा आधी ठेवतंय! अहो, डॉक्टरने स्वतःच्या तोंडात थर्मामीटर धरायचा आणि औषध पेशंटला पाजायचं, त्यातला प्रकार!

सासरे म्हणाले, "एक बाही विणून बघायची का आधी?" मी म्हणालो, "काही गरज नाही." विणकरीणबाईंना बजावलं, "मशीनला हात लावायचा नाही, ते आपलं आपण थांबेल." आणि सासूबाईंची हाक आली म्हणून आम्ही सगळे गेलो जेवायला. मी दोनदा भात घेतला हो... दोनदा!

परत येतो तर काय, बाही! दीडशे ओळींची बाही, पण मशीनने आकड्याचे तुकडे उलटे लावून वाचल्या अडतीस हजार चारशे! टेबलाखालून, खुर्चीच्या पायांतून, दाराबाहेर निघालेली हिरवीगार बाही, आणि ती दोन्ही हातांनी गोळा करत विणकरीणबाई विचारतायत, "साहेब, मुलं केवढी आहेत शाळेतली?" तेवढ्यात त्या वजनाने ताण बसला आणि कडाकड सुया तुटल्या. विचारायचं कोणाला, विचारलं कोणाला!

मग काय, अख्खं घर उसवायला बसलं. सासूबाई गुंडाळतायत, बायको ओढतेय, मी मधे हात पुढे करून उभा, लोकर अडकवायच्या खुंटीसारखा. अहो, शिव्या द्या ना! शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं! प्रोग्राम नंतर दुरुस्त केला म्हणा, आता तो सुरू होतानाच खुद्द मशीनमध्ये एक आकडा ठेवून बघतो, पहिला तुकडा कुठला निघतो ते. चार ओळींचं काम. पण जुन्या मशीनच्या सुया काय कोपऱ्यावर मिळतात? त्या यायला वेळ लागला आणि सासऱ्यांची तारीख पहिल्यांदा चुकली.

आज सकाळी शाळेच्या मोठ्या बाई आल्या. "काका, तुमच्याकडून उशीर? मुलं थंडीत कुडकुडतायत!" मी तिथेच उभा. आता सांगावं, मी केलं म्हणून, असं ओठांवर आलं होतं, खरंच आलं होतं... तेवढ्यात सासरे हात जोडून म्हणाले, "काय करणार बाई, मशीन म्हातारं झालंय. आणि मीसुद्धा."

धरणीने पोटात घ्यावं म्हणतात ना? घेत नाही हो ती, मी वाट बघितली.

बाई माझ्याकडे वळल्या. "अहो, पण जावई एवढे हुशार आहेत, त्यांच्याकडून एखादं सॉफ्टवेअर का नाही करून घेत?"

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. विणकरीणबाईंनी पाहिलं. बायकोने तर पाहिलंच. आणि तुम्हाला सांगतो, मी... मी घसा साफ केला आणि म्हणालो, "बघतो, वेळ मिळाला तर."