सोहमची शिडाची बोट

बुलडाण्याच्या पोस्टात स्पीडपोस्टच्या रांगेत देऊळघाटची रुख्मिणी उभी होती. तिच्यापुढे निवृत्त मास्तर नीळकंठराव होते, हातात जाड पाकीट घेऊन.

“एवढं काय धाडून राह्यले, गुरुजी?”

“मुंबईच्या कस्टमवाल्यांकडं अपील आहे. माझ्या पोराची, सोहमची शिडाची बोट आली परदेशातून.”

“अन् सोहम कवा येते?”

“तो मार्चमधी वारला. आजारी होता. मले मागून कळलं. बारा वर्षं आमचं बोलणं नव्हतं.”

रुख्मिणी म्हणाली, “मंग अपील कायचं?”

“बोट अकरा वर्षं वापरलेली आहे. त्यायनं ड्युटी लावली नवीच्या किमतीवर. म्हणतात, जुनी असल्याचा पुरावा द्या.”

“पण समुद्र कुठी अन् आपण कुठी! चालवणार कोण?”

“चालवायची नाही. तो तिच्यातच राहायचा. मले एकदा आत जाऊन बसायचं आहे.”

“पुरावा काय देता?”

“त्याच्या मित्रानं फोटो धाडले, दरसालचे. बोट जुनी होत गेलेली दिसते. सोहमचे केस पिकलेले दिसतात. मी आत्ताच पाह्यले.”

“अन् हे वापस येतीन का?”

मास्तर पाकीट उघडून आतले फोटो परत बाहेर काढू लागले.

“जा, झेरॉक्स काढून आणा. तुमचा नंबर मी धरून ठेवते.”

मास्तर परत येईस्तोवर तिनं मागच्या तिघांना पुढं जाऊ दिलं.

“सगळ्यायच्या काढल्या?”

“एक सोडून. तो धाडत नाही, त्यात बोट दिसत नाही.”

“मंग काय दिसते?”

“तोच दिसते. माझा जुना स्वेटर घालून बसला आहे.”