दुसऱ्या उस्ताचं काम

…अरे जपून, कडेला नको उभा राहूस, ती कड ढासळते — गेल्या हिवाळ्यात शेजारच्या लतीफाची शेळी गेली आत, चौघांनी दोर लावून काढली. इकडून ये, अंजिराच्या बाजूनं. हां. आता बघ पोटभर. काय म्हणालास? पोहण्याचा तलाव! तलावच रे, दुसरं काय — जेर्बासारखं बेट, चारी बाजूंनी समुद्र, आणि माझ्या लेकाला परसात तलाव पाहिजे होता. हस, हस. मी नव्हते हसले. मी म्हणाले, बांध बाळा, घर तुझंच आहे. तिथे तुलूझमध्ये अकरा महिने दुसऱ्यांच्या भिंती रंगवतो, तेव्हा एक महिना घरी आला होता, त्या महिन्यात त्यानं चंद्र मागितला असता तरी मी म्हटलं असतं, घे.

बस. चहा घे आधी. खारट लागतोय ना? तोंड नको वाकडं करूस, मला कळतं. नळाचं पाणी आहे ते. तीन वर्षांपूर्वी या घरात चहा प्यायला असतास म्हणजे! ती तिकडे दगडी झाकणी दिसते ना, तिच्याखाली टाकं आहे, माझ्या सासऱ्यांनी खोदलेलं. पावसाळ्याच्या तोंडावर मी स्वतः गच्चीला चुना मारायची, दरवर्षी, गुडघे दुखत असले तरी — गच्चीवरचं पाणी भिंतीतनं खाली, परसाच्या पोटातनं दगडी पन्हाळ, पन्हाळीतनं टाक्यात. असं गोड पाणी! या आळीत कुणाची सून नवी आली की तिचा पहिला चहा माझ्या टाक्यातल्या पाण्याचा व्हायचा. माणसं बोलवायला यायची, जनात मावशी, एक कळशी द्या. आता कोण येतं? आता टाकं कोरडं ठणठणीत, आणि गच्चीवरचं सगळं पाणी या खड्ड्यात. बघ कसं हिरवं झालंय. डास तर विचारूच नकोस.

काय विचारतोयस — पन्हाळ कुठे तुटली? ती काय, तुझ्या पायासमोर, दगडाचं तोंड दिसतंय ना मातीतनं, तिथे. यंत्रानं खाल्ली. माझ्या लसादनं नकाशा काढून आणला होता, फोनवर, निळा निळा तलाव, कडेला खुर्च्या, खुर्चीत त्याची बायको. त्या नकाशात पन्हाळ कशी असणार? उस्ता बुरावी, आमच्या बेटावरचा जुना गवंडी, म्हणाला होता हं. तेव्हा काम त्याच्याकडे होतं. म्हणाला, सहा हात पलीकडे सरकव पोरा, इथे खाली तुझ्या आजोबांची पन्हाळ आहे. लसाद म्हणाला, उस्ता, सहा हात सरकवला तर स्वयंपाकघरातनं दिसणार नाही. आणि वाळू! किनाऱ्यावरनं फुकटची वाळू आणली माझ्या लेकानं, मित्राची गाडी घेऊन, तीन खेपा. बुरावी आला, वाकला, करंगळीवर चिमूटभर घेतली आणि जिभेवर ठेवली — त्याची सवय होती ती, प्रत्येक ढिगाची चव बघायचा, मसाला बघावा तशी — थुंकला आणि म्हणाला, समुद्र आहे यात, लोखंड खाऊन टाकेल, नदीची वाळू आणतो मी मुख्य भूमीवरनं, आठ दिवस द्या. आठ दिवस! पोराची सुट्टी संपायला अकरा दिवस. लसादनं ऐकलं नाही, बोटीवरनं उतरलेल्या रोजंदारीच्या माणसांना घेऊन स्वतःच एक भिंत ओतली. ती बघ ती भिंत. गंजाचे ओघळ बघ. मी काय म्हणाले? मी म्हणाले, उस्ता, तुम्ही म्हातारे झालात, आता तिकडची पद्धत वेगळी असते. असं म्हणाले मी. त्यानं टोपी सारखी केली आणि गेला.

मग? मग लसाद गेला, दुसरं काय. गाडी भरली, वर गादी बांधली, मला म्हणाला, आई, पुढच्या उन्हाळ्यात येऊन पुरं करतो, अर्धवट काम टाकून मला झोप नाही लागायची. वडिलांसारखा आहे बघ, ताटातला एक दाणा ठेवणार नाही. म्हणून तर — जाऊ दे. ते अंजीर खा, वाळवलेलं आहे, घरचं.

बेटावरचे पाच गवंडी येऊन गेले तुझ्याआधी. पाच! प्रत्येकाचा एकच प्रश्न, काम कुणाचं? बुरावीचं म्हटलं की हात मागे. दुसऱ्या उस्ताच्या अर्धवट कामाला हात लावायचा तर म्हणे त्याची परवानगी पाहिजे. त्यानं म्हटलं ‘कर’, तरच थापी उचलायची. मेली काय पद्धत! खड्डा माझा, पन्हाळ माझी, तहान माझी, आणि परवानगी त्याची? तू बरा, आल्या आल्या म्हणालास परवानगीचं माझ्याकडे लागलं. तुम्ही मुख्य भूमीवरचे, मदनीनचे लोक शहाणे, असले नखरे नाहीत तुमच्यात.

का गेला बुरावी? — तू पण विचारणारच. सगळ्यांना माहीत आहे का गेला. काम अर्धवट टाकून पळाला. तुलूझपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. लसादनं टाकलं ना ते फोनवर, बेटाबाहेर राहणारी पोरं जिथे बोलतात तिथे, खड्ड्याचा फोटो आणि खाली बुरावीचं नाव. आणि इथे घरं कोण बांधतं? तीच पोरं बांधतात. मग कोण बोलावणार बुरावीला? एक वर्षात सगळं बंद. आता म्हणे पलीकडे मुख्य भूमीवर कुठल्याशा तेलाच्या घाण्यावर राखणदार आहे. मी नव्हतं सांगितलं हं फोटो टाक म्हणून. मी फक्त म्हणाले होते — त्यानं विचारलं, आई, काम कुठवर आलं, तर मी काय सांगणार होते? मी म्हणाले, गेला तो. एवढंच. आणि हम्मामात न्हाताना बायकांनी विचारलं, त्यांनाही तेवढंच. इथे वेशीपासून वेशीपर्यंत जायला एका शब्दाला एक दुपार लागते, त्यात माझा काय दोष?

असं बघू नकोस माझ्याकडे. आला होता तो. शनिवारी, लसाद गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी. नदीची वाळू घेऊन आला, सोबत दोन माणसं. मी दारातच उभी राहिले. म्हटलं, लसादचा फोन आला होता, काम थांबवायचंय. फोन नव्हता आला. बुरावी म्हणाला, बरं, तलाव राहू दे, निदान पन्हाळ जोडू दे बाई, एका दिवसाचं काम, पाऊस तोंडावर आलाय. मी म्हटलं नको. अरे, त्यानं पंधरा दिवसांत सगळं चकचकीत करून ठेवलं असतं! आणि मग? मग लसाद कशासाठी येणार होता, सांग ना? माझ्या तोंडाकडे बघायला? वडील वारले तेव्हा दोन दिवस आला होता. अर्धवट काम टाकून त्याला झोप लागत नाही — म्हणून मी काम अर्धवट ठेवलं. हसायचं तर हस आता. दोन उन्हाळे मी या खड्ड्यावर नजर ठेवून बसले, तो आला नाही. आणि यंदा वसंतात त्याचा फोन. आई, आम्ही इथेच तलाव बांधून घेतला, मागच्या अंगणात, लेक सारा पोहायला शिकली, तो खड्डा बुजवून टाक आता, उगाच धोका. निळा निळा फोटो पाठवला. कडेला खुर्च्या. लागते हो, त्याला झोप छान लागते.

तेव्हा तू बुजव. आधी पन्हाळ जोड, मग बुजव, पाऊस यायच्या आत. ढग बघितलेस ना सकाळी? मला मरायच्या आधी एकदा माझ्या पाण्याचा चहा प्यायचाय, बस्स. ती वाळू? ती नको घेऊस, ती तीच, किनाऱ्यावरची, उरलेली —

काय करतोयस?

थुंक. थुंक ते, खारट आहे.

करंगळीवर घेऊन… अशी जिभेवर… कुणाचा रे तू? मघाशी नाव सांगितलंस ते नुसतं तुझं. वडिलांचं सांग.

…

बुरावीचा तू. म्हणून परवानगीचं तुझ्याकडे लागलं होतं. त्यानं पाठवलं तुला? काय सांगून पाठवलं? — एवढंच? म्हातारीची पन्हाळ जोडून ये, पावसाच्या आत? दुसरं काही नाही? मी दारात काय म्हणाले ते नाही सांगितलं? तीन वर्षांत घरात कधीच नाही? …म्हणजे तुम्हालाही वाटत होतं की ते पळाले. आणि तुला कळलं ते आज. माझ्याच तोंडून, माझाच चहा पिता पिता.

शिव्या दे. ते सूत कशाला सोडतोयस? अरे, सूत कशाला लावतोयस पन्हाळीला? ठेव ते. ठेव म्हणते ना! तू जोडशील, पाऊस पडेल, टाकं भरेल, आणि मी ते पाणी पिऊ? कुठल्या तोंडानं पिऊ? माझ्या घशाखाली उतरेल होय ते?

वडिलांना सांग — नको. काही सांगू नकोस. जा तू. सूत गुंडाळ आणि जा. मला खारट पाण्याची सवय झालीये.