डोळ्यांची आखणी

पूर्वी : बकुळाताई, उद्या उद्घाटन आहे. महिनाभर आमच्या गॅलरीत निवासी कलाकार म्हणून राहिलात, गणपती रंगवलात, आणि आता डोळेच काढायचे नाहीत?

बकुळा : बाकी सगळं झालंय ना. सोंडेवरची नक्षीसुद्धा. डोळ्यांची आखणी तेवढी राहू दे.

पूर्वी : अहो, आखणीसाठीच तर तुम्हाला निवडलं. लालबागच्या कारखान्यात तुमचा हात पाहिला आणि ट्रस्टींशी भांडले मी.

राजाराम : वहिनी, रेखून टाका ना डोळे. मूर्ती मी घडवलीय, डोळे तुमचे. लालबागच्या बाहेर, इथे गिरगावातही आपल्या कारखान्याचं नाव होईल.

बकुळा : भावजी, चहा घ्या तुम्ही.

राजाराम : म्हणजे गप्प बसा.

पूर्वी : आखणीच्या दिवशी तुम्ही उपास करता ना? सकाळपासून काही खाल्लं नाहीत, म्हणून मला वाटलं आज काढणार.

बकुळा : आज संकष्टी आहे, बाळ. चंद्र दिसला की जेवेन. मला सांग, प्रदर्शन संपल्यावर हा कुठे जाणार?

पूर्वी : आमच्या संग्रहात. एसी खोली आहे, फोमचं खोकं आहे.

बकुळा : खोक्यात.

पूर्वी : ही पूजेची मूर्ती नाही ना पण. कलाकृती आहे.

बकुळा : तुमच्यासाठी असेल. मी रोज नमस्कार करून रंगवायला बसले. कारखान्यात प्रत्येक मूर्तीला चिठ्ठी बांधलेली असते, कुणाच्या घरी जायची त्याची. ते नाव वाचल्याशिवाय मी डोळ्यांना ब्रश लावत नाही.

राजाराम : एकदा लावला होता. शूटिंगवाले घाईत होते, म्हणाले, काम झालं की विसर्जन करू. नंतर वहिनींना ती मूर्ती त्यांच्या गोदामात दिसली. प्लायवूडच्या मागे, तोंड भिंतीकडे.

बकुळा : मीच तिथून आणली, मीच समुद्रात पोचवली. तेव्हापासून नेम आहे.

पूर्वी : मग राजारामदादा, तुम्ही काढा.

राजाराम : मी? वहिनींनी खाली ठेवलेला ब्रश उचलला तर आई मला दारात उभं करणार नाही. आणि खरं सांगू? मलाही आता खोकंच दिसतंय डोळ्यांसमोर.

पूर्वी : थांबा, गॅलरीच्या मुख्य सरांना विचारते.

(पूर्वी बाहेर जाऊन फोन करते, परत येते.)

पूर्वी : सर म्हणाले, डोळे नसतील तर मोठ्या दालनात नाही. मागच्या खोलीत. तिकडे पाहुणे फिरकतसुद्धा नाहीत, ताई. आणि कॅटलॉगवर तुमचा फोटो येणार होता, तिथेही आता दुसऱ्या कलाकाराचा येईल.

राजाराम : वहिनी, ऐकलंत?

बकुळा : ऐकलं. भावजी, त्या बाजूने धरा. सोंडेला धक्का नको.

पूर्वी : तुम्हाला काहीच वाटत नाही?

बकुळा : वाटतं गो. माझं नाव लागलेलं पहिलंच प्रदर्शन. मालवणहून भाऊ यायचाय बघायला. त्याला मागच्या खोलीत नेईन.

पूर्वी : चला, मीही धरते. खालच्या पाटीवर सरांनी ‘अपूर्ण’ लिहायला सांगितलंय.

बकुळा : अपूर्ण नको लिहूस. ‘घर ठरायचं आहे’ असं लिही.