डिझेलचा हुकूम आन् राणीसावरगावची गाडी

जन्म माझा वालूरचा. बाप दुसऱ्याच्या रानात राबायचा. आमच्या वस्तीनं बुद्धधर्म घेतला तवा मी शाळंत व्हतो, बाप म्हन्ला, किसन, आता वाकून चालायचं न्हाई. पन काय सांगू तुमाला गुरुजी, लिवून घ्या वहीत, ताठ बसायची जागा मला घावली ती डायवरच्या शिटावर. आमच्या वस्तीतला पैला डायवर मी. गंगाखेडाहून राणीसावरगावला बस न्यायचो. बाप एकडाव मुद्दाम बसून आला, सगळ्या वाटंनं माझी पाठ बघत व्हता, उतरताना चाकाला हात लावून गेला.

तवा आमा डायवरांची रीत आशी, गाडी हुबी केली तरी इंजन बंद करायचं न्हाई. एक तर पुन्ना सुरू हुईल का न्हाई ह्याचा भरोसा नसायचा, आन् दुसरं म्हंजी निघायच्या आधी मी तीनदा रेस द्यायचो, घुर्र घुर्र, आन् आख्खं गाव त्या आवाजावर निघायचं. बाया तव्यावरची भाकर तशीच ठिवून, गडी चपला हातात घिऊन पळत यायचे. घड्याळ कुनाच्या घरी व्हतं? मीच घड्याळ! मागं काळा धूर निघायचा, तोबी मला गाडीचा जोर वाटायचा. लय ऐट व्हती मला त्याची.

मग तिकडं अरबाच्या मुलखात लढाई झाली, तेल महागलं, आन् सरकारचं फर्मान निघालं, डिझेल वाचवा. नवलच की हो गुरुजी! कुठं अरबस्तान, कुठं दिल्ली, आन् हुकूम आला तो माझ्या उजव्या पायाला. डेपोत एक शिकवनारे साहेब आले. काचंच्या बाटलीत मापून लिटरभर डिझेल वतलं, तिची नळी इंजनाला जोडली, बाटली माझ्या म्होरं टांगली आन् म्हन्ले, चालवा. मी माझ्या रीतीनं पाय दाबला तर बाटली डोळ्यादेखत रिती झाली, गाडी मधीच बंद. मग साहेब सोता बसले, तीच गाडी, तोच रस्ता, तेवढंच डिझेल, आन् माझ्यापेक्षा मैलभर म्होरं जाऊन थांबले. मला वाटलं जादू हाय ही. मग त्यांनी धुराड्याला पांढरं फडकं धरलं, ते काळंकुट्ट झालेलं दाखवलं. म्हन्ले, किसनराव, हा जोर न्हाई, हे न जळालेलं डिझेल हाय, लोकांच्या छातीत जातंय. मी त्या फडक्याकडं बघतच राह्यलो. इतकी वर्सं मी काय उधळत व्हतो ते पैल्यांदा दिसलं मला.

पंधरा दिवसांनी परीक्षा ठरली. टाकी गळ्यापत्तर भरून निघायचं, साहेब संगं, परत आल्यावर टाकीत किती मावतंय ते बघायचं. अवरेज, म्हंजी लिटरमागं किती मैल ते, न्हाई बसलं तर शीट सोडायचं आन् डेपोत गाड्या धुवायच्या. झोप उडाली माझी.

परीक्षेच्या दिवशी दुपारी राणीसावरगावात पोचलो तर गावातली गंगूबाई वाटंतच हुबी. तिच्या सुनंचे, शेवंताचे दिवस भरले व्हते, सुईन म्हन्ली व्हती, मूल आडवं हाय, गंगाखेडच्या दवाखान्यात न्या. गंगूबाई म्हन्ली, किसन, पोरीला उन्हात कुठं बसवू, तुझी गाडी गुरगुरली की बाजंवर घालून आनते. मी म्हन्लो, आन. आन् इंजन बंद केलं, शिकवल्यापरमानं. येळ झाली, आमचे कंडक्टर रहेमतभाई, त्यांनी घंटी दिली. मी रेस दिली न्हाई, हळूच उचलली गाडी, सगळं ध्यान त्या पायात. दोन कोस आलो तवा रहेमतभाई म्हन्ले, किसनभाऊ, आज अर्धी गाडी खाली है, लोकां कहां गये?

गाव आवाजाची वाट बघायलंय! शेवंता घरात तशीच पडली आसंल! गाडी थांबवली, साहेबाला सगळं सांगितलं, म्हन्लो, परीक्षा गेली तर जाऊ द्या, मला माघारी जावं लागतंय. साहेब म्हन्ले, आधी वळवा.

गंगूबाई दारात कान दिऊन हुबी व्हती आजून. म्हन्ली, तुझी गाडी आज बोलली न्हाई रे. मला वर बघवंना. शेवंताला मधल्या शिटावर निजवली आन् निघालो. खड्डा दिसला की दुरूनच पाय उचलायचा, धक्का बसू द्यायचा न्हाई, गिअर अलगद टाकायचा, साहेबानं शिकवलेलं समदं केलं, पन त्या पोरीसाठी केलं, डिझेल डोक्यातबी न्हवतं. दवाखान्यात सांजच्याला मोकळी झाली, मायलेकरू सुखरूप.

डेपोत टाकी भरली, तर माझं अवरेज कदी आलं न्हवतं इतकं चांगलं! मी म्हन्लो, साहेब, मी तर जास्तीचं फिरलो. ते हासले, म्हन्ले, रस्ताबी तेवढाच वाढला की, गाडी चालली कशी ते मोजायचं आसतंय. वाचवायचा पाय आन् सांभाळायचा पाय एकच निघाला, ह्याचं मला आजबी आक्रीत वाटतंय.

शीट राह्यलं माझं. पन कुठंबी इंजन बंद केलं की काळीज हलतंय, कुनीतरी घरात आवाजाची वाट बघत आसंल. आता बघा, गाडी निघायला धा मिंटं राह्यली. तुमी बसा गुरुजी, वही सांभाळा, मी जरा गल्लीतून, गाडी निघतीय म्हून, हाळी दिऊन येतो.